काच विकण्याआधी डोळा नीट मोजणारे दुकान

जळगाव शहराच्या बाजारपेठेतील एका चष्म्याच्या दुकानाचे हे परीक्षण आहे. आमच्या घरातील सासूबाईंपासून शाळेत जाणाऱ्या मुलीपर्यंत सर्वांचे चष्मे गेली काही वर्षे तेथेच बनत आले आहेत, त्यामुळे येथे लिहिलेले मत एखाद्या फ्रेमच्या रंगरूपावरून बनलेले नाही. दुकानाचे नाव देण्याचे मी टाळले आहे. तपासणीची पद्धत नीट समजली, तर धरणगाव, चोपडा, शिरपूर किंवा शहादा अशा कोणत्याही गावच्या वाचकाला ती आपल्या नेहमीच्या दुकानात पडताळून पाहता येईल, आणि माझ्या दृष्टीने या लेखनाचा उपयोग तेवढाच आहे.

दुकान बाहेरून साधे आहे. काचेच्या कपाटात फ्रेम मोजक्याच आहेत, मोठ्या नाममुद्रांच्या दालनांत दिसतो तसा झगमगाट नाही, आणि एकूण जागेचा जवळजवळ निम्मा भाग तपासणीच्या खोलीने व्यापला आहे. ही विभागणी मला फार योग्य वाटते, कारण चष्म्याच्या दुकानात आपण पैसे फ्रेमचे देतो, तरी प्रत्यक्षात आपल्याला हवे असते ते अचूक मोजमाप.

तपासणी करणाऱ्या ताई प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्ट आहेत. त्या समोरच्या माणसाला लगेच अक्षरांच्या तक्त्यापुढे बसवत नाहीत. आधी काम कोणते, वाचन किती अंतरावरून होते, मोटारसायकल रात्री चालवता का, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, कोणती औषधे चालू आहेत, घरात कोणाला काचबिंदू आहे का, हे सर्व विचारून त्या टिपून घेतात. त्यानंतर जुना चष्मा लेन्सोमीटरवर ठेवून त्याचा नंबर काढतात. संगणकीय यंत्र त्यांच्याकडेही आहे, परंतु त्यातून निघालेल्या कागदाला त्या केवळ प्राथमिक अंदाज मानतात. रेटिनोस्कोपची तिरीप बाहुलीवर फिरवून परतणाऱ्या प्रकाशाची हालचाल पाहणे आणि मग ट्रायल फ्रेममध्ये एकेक काच बदलत रुग्णाकडून खात्री करून घेणे, हा जुना आणि वेळखाऊ मार्ग त्यांनी सोडलेला नाही. यंत्रात डोकावताना अनेकांचा डोळा नकळत जवळच्या वस्तूवर रोखला जातो आणि मायनस नंबर खऱ्यापेक्षा जास्त निघतो, विशेषतः तरुणांमध्ये, हे लक्षात घेतले की या वेळेची किंमत कळते.

तक्ता सहा मीटर अंतरावर असावा असा प्रघात आहे, कारण तेवढ्या अंतरावरून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात आणि डोळ्याच्या भिंगाला जोर लावावा लागत नाही. खोली लहान असल्याने येथे तक्ता रुग्णाच्या डोक्यामागे लावला असून तो समोरच्या आरशात पाहायचा असतो. तक्त्याची ही पद्धत हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ मध्ये रूढ केली. आपल्या कागदावर ६/६ लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ असा, की निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जी ओळ वाचता यायला हवी, ती आपण सहा मीटरवरूनच वाचली. ६/६० म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर साठ मीटरवरून ओळखतो, ते ओळखण्यासाठी आपल्याला सहा मीटरवर यावे लागले. ताई हे प्रत्येकाला सांगतात, आणि आपल्या कागदावरचे आकडे वाचता येणे हा रुग्णाचा अधिकार आहे असे मला मनापासून वाटते.

नंबराचेही तसेच. चष्म्याचा नंबर डायॉप्टरमध्ये मोजतात, आणि काच जितक्या मीटरवर किरण एकत्र आणते त्या अंतराने एकाला भागले की डायॉप्टर मिळतो, म्हणजे दोन नंबरची प्लस काच अर्ध्या मीटरवर किरण एकत्र आणते. संपूर्ण डोळ्याची शक्ती सुमारे साठ डायॉप्टर असते. त्यातील दोन तृतीयांश भाग पुढच्या पारदर्शक आवरणाचा, म्हणजे ज्याला आपण बुबुळ म्हणतो त्याचा असतो, आणि उरलेला आतल्या भिंगाचा. प्रौढ डोळ्याची पुढून मागे लांबी साधारण चोवीस मिलिमीटर असते आणि ती एका मिलिमीटरने वाढली, तरी जवळपास तीन नंबरचा मायनस येतो. बुबुळाचा बाक सर्व दिशांना सारखा नसेल, तर सिलिंडरचा नंबर लागतो आणि तो कोणत्या कोनात बसवायचा हे ॲक्सिसचा १ ते १८० अंशांतील आकडा सांगतो. रस्त्यावर मिळणाऱ्या तयार चष्म्यांत दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि सिलिंडर मुळीच नसतो, म्हणून ते लावून काही जणांचे काम भागते आणि काही जणांचे कपाळ दुखत राहते.

नंबर ठरल्यावर ताई अर्धा लाल आणि अर्धा हिरवा असा तक्ता दाखवतात. हिरवा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा किंचित आधी एकत्र येतो, त्यामुळे लाल भागातील अक्षरे अधिक ठळक दिसली तर मायनस थोडा कमी पडला आहे आणि हिरव्यातील ठळक दिसली तर तो जास्त झाला आहे, असे कळते. पाव नंबराची ही चूक लहान वाटते, पण दिवसभर वह्या तपासणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षिकेला ती संध्याकाळी जाणवते.

या दुकानाविषयी माझ्या मनात खरा आदर निर्माण झाला तो एका प्रसंगाने. आमच्या शाळेतील एक सहकारी दूरचे अचानक अंधुक दिसते म्हणून नवा चष्मा करायला माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांना मधुमेह असल्याचे समजताच ताईंनी अलीकडच्या साखरेचा अहवाल मागितला, आणि आकडे बरेच चढलेले पाहून त्या दिवशी चष्मा बनवण्यास सरळ नकार दिला. रक्तातील साखर वाढली की ती डोळ्याच्या भिंगातही शिरते, तेथे तिचे सॉर्बिटॉलमध्ये रूपांतर होते, ते पाणी ओढून घेते, भिंग फुगते आणि नंबर बदलतो. साखर नियंत्रणात आली की तोच नंबर काही आठवड्यांत पुन्हा सरकतो, आणि मधल्या काळात बनवलेला चष्मा निरुपयोगी ठरतो. गिऱ्हाईक दारात उभे असताना त्याला परत पाठवणे कोणत्याही व्यापाऱ्याला सोपे नसते. ताईंनी त्याच वेळी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, तपासून घ्यायलाही सांगितले, कारण मधुमेहाने पडद्यावरील रक्तवाहिन्या खराब होऊ लागतात तेव्हा सुरुवातीला नजरेला काहीच जाणवत नाही. मधुमेह असणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी वर्षातून एकदा करून घ्यायला हवी.

याच शिस्तीचा अनुभव सासूबाईंच्या वेळी आला. त्या मोठ्या आनंदात होत्या. "आते माले चष्माबिगर सुईमा दोरा ओवता येस," असे त्या भेटेल त्याला सांगत होत्या, आणि फक्त लांबच्या चष्म्याची काच बदलून हवी म्हणून दुकानात आल्या होत्या. ताईंनी त्यांचे सर्व ऐकून घेतले, नंबर काढला, तो मायनसकडे बराच सरकलेला होता, आणि मग डोळ्यापुढे बारीक छिद्र असलेली काळी चकती धरली. ही चकती म्हणजे पिनहोल. छिद्रातून फक्त मधले किरण आत जातात, त्यामुळे दोष केवळ नंबराचा असेल तर अक्षरे स्पष्ट होतात. तसे झाले नाही, तर दोष भिंगात, पडद्यात किंवा नेत्रतंतूत असण्याची शक्यता वाढते आणि चष्म्याच्या दुकानाचे काम तेथे संपते. सासूबाईंना चकतीतूनही शेवटच्या ओळी दिसल्या नाहीत. ताई त्यांना म्हणाल्या, "आजी, जवळचं चांगलं दिसतंय ते मोतीबिंदू पिकू लागलाय म्हणून. आता काच बदलून पैसे वाया घालवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा." भिंगाचा गाभा कठीण आणि पिवळसर होऊ लागला की त्याची शक्ती वाढते, वाचनाचा चष्मा काही काळ सुटतो आणि घरातली मंडळी नजर सुधारली असे समजून निर्धास्त होतात. खानदेशातील कितीतरी घरांत असे होत असेल. मोतीबिंदूवर कोणतेही थेंब चालत नाहीत. त्याला शस्त्रक्रियाच लागते आणि ती राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयात मोफत होते, हेही त्यांना तेथेच सांगण्यात आले. १९७६ पासून चालत आलेल्या या कार्यक्रमाची माहिती एखाद्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला स्वतःहून द्यावी, याचे मला विशेष वाटले.

लहान मुलांचा पहिला नंबर हे दुकान काढतच नाही. मुलांच्या भिंगाची लवचीकता इतकी असते की ते खरा नंबर लपवू शकते, म्हणून डॉक्टरांनी सायक्लोपेंटोलेट किंवा ॲट्रोपिनसारखे औषध घालून डोळ्याचे स्नायू सैल केल्यावरच मापन विश्वासार्ह ठरते. एका डोळ्याचा नंबर जास्त असून तो लक्षात आला नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि डोळा आळशी होतो. हे जितक्या लहान वयात सापडेल तितके बरे. वयाच्या सात-आठ वर्षांनंतर सुधारणा अवघड होत जाते.

काचांच्या निवडीबाबत दुकानाचा सल्ला बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. दोन-तीन नंबरपर्यंत साधी सीआर-३९ प्लॅस्टिकची काच पुरेशी आहे, असे ते स्वतः सांगतात. तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेचा आकडा, सुमारे १.५० असतो, तिच्यातून रंगांच्या कडा फार कमी दिसतात आणि किंमतही आवाक्यात असते. मोठा मायनस असेल तर कडा जाड होऊ नये म्हणून १.६७ अपवर्तनांकाची काच योग्य ठरते. मुलांना, तसेच वेल्डिंगच्या किंवा लेथच्या दुकानात काम करणाऱ्यांना पॉलिकार्बोनेट द्यावी, कारण ती आघाताने सहजासहजी फुटत नाही आणि अतिनील किरण स्वतःच अडवते. तिच्यावर ओरखडे मात्र लवकर पडतात. जिनिंग मिलमध्ये काम करणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्यांना म्हणूनच काच कोरडी न पुसता आधी पाण्याखाली धरायला बजावले होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा बंद मोटारीत पुढच्या काचेखाली चष्मा ठेवू नये, कारण काच आणि तिच्यावरचा परावर्तनरोधक थर उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात पसरतात आणि थराला बारीक भेगा पडतात. ही सूचना आपल्या भागातील प्रत्येक चष्म्याच्या डबीवर छापायला हवी.

पण ब्ल्यू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेच्या बाबतीत हेच दुकान निराश करते. मोबाइलच्या निळ्या प्रकाशाने डोळे खराब होतात असा फलक काउंटरवर लावलेला आहे आणि विक्रेता मुलगा प्रत्येकाला ती काच सुचवतो. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला, आणि अशा काचांमुळे पडद्यासमोर काम करताना डोळ्यांना येणारा थकवा साध्या काचांपेक्षा कमी होतो असे त्यात आढळले नाही. थकवा येतो तो मुख्यतः पापण्या कमी लवल्यामुळे आणि जवळच्या अंतरावर सतत नजर रोखल्यामुळे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहणे हा उपाय फुकट आहे. मी हे मालकांना सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकले, फलक मात्र आहे तेथेच आहे. इतक्या काळजीने नंबर काढणाऱ्या दुकानाला हा फलक शोभत नाही.

माझ्या स्वतःच्या चष्म्याविषयी आता सविस्तर लिहिते, कारण खरी परीक्षा तेथे होती. वयाबरोबर भिंग कडक होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास जवळचे पाहण्यासाठी त्याला पुरेसा फुगवटा आणता येत नाही. चाळीस सेंटिमीटरवर वाचायचे तर अडीच डायॉप्टरची गरज असते, आणि डोळा त्यातला जितका वाटा उचलू शकत नाही, तितका वाचनाचा ॲड म्हणून द्यावा लागतो. मला फळा, वर्गाच्या मध्यावरची मुले आणि हातातली वही अशी तीन अंतरे लागतात, म्हणून प्रोग्रेसिव्ह काच सुचवली गेली. पॅरिसमध्ये बर्नार मॅतेनाझ यांनी घडवलेली आणि १९५९ मध्ये व्हॅरिलक्स या नावाने बाजारात आलेली ही काच वरून खाली सलग शक्ती बदलत जाते. मध्यभागी स्पष्ट दिसण्याची एक अरुंद वाट असते आणि दोन्ही बाजूंना थोडे वाकडे, डुलल्यासारखे दिसते. हा दोष कोणत्याही कंपनीला पूर्णपणे काढता येत नाही, महाग रचनांत तो फक्त अधिक चांगला वाटून दिलेला असतो. साध्या काचेच्या जोडीला काही शे रुपये पुरतात आणि प्रोग्रेसिव्हला काही हजार लागतात, त्यामुळे ही माहिती पैसे देण्याआधी मिळायला हवी. येथे ती मिळाली.

प्रोग्रेसिव्हमध्ये यश आणि अपयश ठरते ते मापावर. निवडलेली फ्रेम आधी नाकावर आणि कानामागे नीट बसवून, मला उभे राहून नेहमीसारखे समोर पाहायला सांगून, ताईंनी फ्रेममधील नमुन्याच्या काचेवर प्रत्येक बाहुलीच्या मध्यावर पेनाने खूण केली. दोन्ही डोळ्यांचे नाकापासूनचे अंतर वेगवेगळे मोजले, कारण चेहरा क्वचितच दोन्ही बाजूंनी सारखा असतो. खालच्या कडेपासून बाहुलीपर्यंतची उंची कमी पडत होती म्हणून मला आवडलेली अरुंद फ्रेम त्यांनी बाजूला ठेवायला लावली. तिच्यात वाचनाचा भागच कापला गेला असता. साध्या चष्म्यातही बाहुली आणि काचेचा मध्य जुळणे आवश्यक असते. सहा नंबरची काच पाच मिलिमीटर सरकली तर तीन प्रिझम डायॉप्टरचा (किरण बाजूला वळवण्याच्या एककाचा) परिणाम होतो आणि डोळ्यांना दोन प्रतिमा जुळवत बसावे लागते. चष्मा हाती देताना त्यांनी तो लेन्सोमीटरवर माझ्यासमोर तपासला, काचेवरील खुणा बाहुलीपुढे येतात का ते पाहिले आणि मगच त्या खुणा पुसल्या.

सुरुवातीला जिना उतरताना पायऱ्या हलल्यासारख्या वाटल्या. मान थोडी खाली घालून वरच्या भागातून पायरी पाहायची, वाचताना मात्र हनुवटी न हलवता फक्त नजर खाली आणायची आणि बाजूला पाहायचे तर डोके वळवायचे, ही शिकवण उपयोगी पडली. आता फळ्यावरून वहीकडे येताना चष्मा काढावा लागत नाही. रावेरकडच्या एका केळी बागायतदारांना मात्र ताईंनी माझ्यासमोरच प्रोग्रेसिव्ह घेऊ दिले नाही आणि डी बायफोकल, म्हणजे लांबच्या काचेत खाली वाचनाचा डी आकाराचा तुकडा असलेला चष्मा, सुचवले, कारण बांधावरून आणि पाण्याच्या पाटांतून चालणाऱ्या माणसाला बाजूंना न डुलणारी रुंद आणि स्थिर नजर अधिक मोलाची असते. स्वस्त वस्तू सुचवण्यामागे कारण असते तेव्हा दुकानावरचा विश्वास वाढतो.

डोळ्यांत घालायची औषधे हे दुकान ठेवत नाही, आणि कोणी मागितली तरी नाव लिहून देत नाही. याचे महत्त्व आमच्या घराने जवळून पाहिले आहे. माझ्या दिरांच्या डोळ्याला मक्याचे पान लागले होते आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या लाली कमी करणाऱ्या थेंबांत स्टेरॉइड होते. पिकाच्या पानाने किंवा कुसळाने बुबुळाला जखम झाली की बुरशीचा संसर्ग होण्याची भीती असते. अशा वेळी डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन घातल्यास लाली ओसरते, बरे वाटते आणि बुरशी मात्र आत पसरते. बुरशीवर नॅटामायसिनसारखे वेगळे औषध लागते आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ घालावे लागते. दिरांना चष्मा बदलायचा नव्हता, ते फक्त धूळ आणि ऊन अडवणारा चष्मा पाहायला तेथे गेले होते. ताईंनी बुबुळावरचा पांढुरका ठिपका पाहून त्यांना त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. स्टेरॉइडचे थेंब सल्ल्याशिवाय महिनोन्‌महिने घालत राहिल्याने काहींच्या डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो आणि गेलेली नजर परत येत नाही, हे येथे मुद्दाम नमूद करते.

तक्रारी आणखी थोड्या आहेत. नंबराच्या कार्डावर दोन बाहुल्यांमधील अंतर लिहिलेले नसते, ते मागून घ्यावे लागते. फ्रेमवर किमती लावलेल्या नाहीत. दुकानाला तीन उंच पायऱ्या आहेत आणि कठडा नाही, जे कमी दिसणाऱ्या माणसांसाठी असलेल्या जागेत खटकते. शाळा सुरू होताना जून महिन्यात गर्दी फार होते आणि तेव्हा तपासणीला एरवीइतका वेळ मिळत नाही, म्हणून शक्यतो इतर महिन्यांत, सकाळी, डोळे ताजे असताना जावे. जुना चष्मा, चालू औषधांची चिठ्ठी आणि मधुमेह असल्यास अलीकडचा अहवाल बरोबर न्यावा. मात्र डोळा लाल होऊन दुखत असेल, नजर अचानक गेली असेल, डोळ्यापुढे विजेसारख्या चमका आणि काळे ठिपके एकाएकी वाढले असतील किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटत असेल, तर या किंवा कोणत्याही चष्म्याच्या दुकानात न जाता त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे.